सेबननंतरचा पहिला हंगाम: अलाबामाच्या मैदानावर नेमकं काय बघायचं

प्रश्न इचलकरंजीच्या एका मुलाचा आहे. तो याच महिन्यात, ऑगस्ट २०२४ मध्ये, टस्कलूसाला अलाबामा विद्यापीठात एमएस करायला आलाय. तो विचारतो: "काका, इथे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, फुटबॉल. कोच निक सेबन निवृत्त झाले, केलन डीबोर आले, आता टीमचं काय होणार? मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण मॅचला जायचंय. जाऊन बघू काय?"

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे मी कुठे उभा राहून बोलतोय ते कळेल. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीमचा फुटबॉल बघत वाढलो, पण तो पायाने खेळायचा फुटबॉल. इथला, हातात बॉल घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल इथे आल्यावर शिकलो. बर्मिंगहॅमजवळच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि गेली तेरा वर्षं त्याच शाळेच्या टीममध्ये ऑफेन्सिव्ह लाइनचा साहाय्यक कोच आहे. म्हणजे बॉल घेऊन पळणारी, फोटोत येणारी पोरं माझ्याकडे नसतात. त्यांच्यापुढे भिंत धरणारी पाच दांडगी पोरं माझी: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, दोन्ही कडांना टॅकल. त्यामुळे उत्तर थोडं भिंतीच्या बाजूने झुकलेलं असेल, पण या वर्षी तीच बाजू महत्त्वाची आहे असं मला मनापासून वाटतं.

खेळ थोडक्यात असा. अकरा विरुद्ध अकरा. बॉल ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. कबड्डी पाहिली असशील तर प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक चढाई समज. चढाई पाच-सहा सेकंदांची, आणि मधल्या वेळात पुढची ठरते. बाकीचं बघता बघता येईल.

आता मूळ प्रश्न. सेबन २००७ ते २०२३ असे सतरा हंगाम इथे मुख्य कोच होते. त्यात सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं. त्याआधीचं एलएसयूचं, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं, २००३चं धरलं तर सात. १० जानेवारी २०२४ला ते निवृत्त झाले आणि १२ तारखेला डीबोर यांची नेमणूक झाली. मध्ये दोन दिवस. त्या दोन दिवसांत आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी मोठ्याने हसलेलं मला आठवत नाही. हे बाहेरच्याला खुळेपणाचं वाटेल. पण ज्या राज्यात एनएफएल या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, तिथे विद्यापीठाची टीम ही घरची टीम असते.

डीबोर साउथ डकोटातल्या मिलबँक या लहान गावचे. सू फॉल्स नावाच्या छोट्या कॉलेजात खेळले आणि तिथेच मुख्य कोच झाले. पाच वर्षांत ६७ सामने जिंकले आणि फक्त ३ हरले, त्या पातळीवरची तीन अजिंक्यपदं मिळवली. पुढे फ्रेस्नो स्टेट, मग वॉशिंग्टन. वॉशिंग्टन २०२१मध्ये ४-८ होतं, म्हणजे चार विजय, आठ पराभव. त्यांच्या हाताखाली पहिल्या वर्षी ११-२, दुसऱ्या वर्षी १४-१, आणि ती एक हार थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात मिशिगनकडून. मुख्य कोच म्हणून सगळी बेरीज १०४ विजय, १२ पराभव. हा माणूस नशिबाने वर आलेला नाही. प्रत्येक पायरीवर त्याने टीम उभी करून दाखवलीय.

मग काळजी कसली? लोक काळजी करतात ती "सेबनसारखा दुसरा होणे नाही" याची. ती खरी आहे, पण तिचा या हंगामाशी फारसा संबंध नाही. माझी काळजी वेगळी आहे, आणि ती माझ्या शाळेतल्या अनुभवातून आलीय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मुख्य कोच बदलले. नवे गृहस्थ हुशार, मेहनती, पोरांशी छान वागणारे. त्यांनी आल्या आल्या लाइनचे इशारे बदलले. आधी आमच्याकडे "रॅम" म्हटलं की पाचही जणांनी उजवीकडे सरकायचं, "लायन" म्हटलं की डावीकडे. नव्यांनी आकडे आणले. सम आकडा म्हणजे उजवीकडे, विषम म्हणजे डावीकडे. पोरांनी तीन आठवडे घोकलं. सरावात एकही चूक नाही. पहिल्या सामन्यात, गर्दीच्या आवाजात, तिसऱ्या प्रयत्नाला आकडा आला सत्तावीस. आमचा डावा टॅकल, सोळा वर्षांचा, वर्गात माझ्याकडे बीजगणितात उत्तम, जागच्या जागी थिजला. समोरचा त्याच्या बाहेरच्या बाजूने सुटला आणि पाठमोऱ्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल टाकणाऱ्यावर, आदळला. बॉल सुटला, गेला.

रविवारी मी त्याला शेजारी बसवून व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत दाखवला. डाव सुरू होऊन सेंटरकडून बॉल सुटला तेव्हा त्याचा डावा पाय गवतात रुतलेलाच होता. आधी मान वळली, शेजारच्या गार्डकडे. त्याचं पाहून मग पाय. मध्ये नऊ फ्रेम गेल्या, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. सत्तावीस विषम हे त्याला अर्थातच ठाऊक होतं. पण सत्तावीस, म्हणजे विषम, म्हणजे लायन, म्हणजे डावीकडे, असा त्याच्या डोक्यात मधला एक थांबा होता. तो जुन्या भाषेत भाषांतर करत होता. ऑक्टोबरात तो थांबा गेला. काय बदललं ते त्यालाही सांगता आलं नाही.

इंग्रजीत नव्याने वावरणाऱ्या तुला हे सांगायला नको. व्याकरण येत असतं, पण दुकानात कुणी पटकन काही विचारलं की आधी मराठीत जावं लागतं. फुटबॉलमध्ये तेवढ्या वेळात माणूस अंगावर येतो.

म्हणून माझं म्हणणं असं: नवा कोच म्हणजे नवी भाषा, आणि टीम भाषांतर करायचं कधी थांबवते त्यावर हा हंगाम ठरेल. डीबोर चांगले की सेबन, हा वाद हॉटेलात बसून घालायला ठीक आहे.

अलाबामात भाषा किती बदललीय बघ. सेबन यांच्या बचावात मागच्या फळीतला पाचवा बॅक, म्हणजे आतल्या बाजूला (स्लॉटमध्ये) उभ्या रिसीव्हरला, बॉल झेलणाऱ्याला, सांभाळणारा, "स्टार" म्हणून ओळखला जायचा. कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा "जॅक". नवे बचाव-प्रमुख केन वॉमॅक यांच्याकडे स्टार नाही, "हस्की" आहे. जॅक नाही, "वुल्फ" आणि "बँडिट" आहेत. नावं बदलली एवढंच असतं तर गोष्ट वेगळी. कामही बदललंय. सेबन यांच्या पद्धतीत समोरचा रिसीव्हर पहिल्या काही पावलांत कुठे वळतो ते पाहून, त्या क्षणी, कोण कुणाला धरणार ते ठरायचं. शिकायला अवघड, पण एकदा रक्तात भिनलं की भेदायला त्याहून अवघड. वॉमॅक यांच्याकडे नजर बॉलवर ठेवायची, आपापला भाग राखायचा आणि बॉल जिथे जाईल तिथे सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं. दोन्ही पद्धती उत्तम आहेत. पण एकीत वाढलेल्या पोराला दुसरीत उभं केलं की सुरुवातीला त्याची नजर चुकीच्या ठिकाणी जाते. बचावाच्या मागच्या फळीत चुकीची नजर म्हणजे साठ यार्डांचा टचडाउन, बॉल थेट शेवटच्या रेषेपार.

आणि नेमकी तीच फळी यंदा रिकामी झालीय. टेरियन आर्नल्ड आणि कूल-एड मॅकिन्स्ट्री हे दोन्ही कॉर्नर, म्हणजे मागच्या फळीतले कडेचे राखणदार, एनएफएलला गेले. केलब डाउन्स, ज्याने पहिल्याच वर्षी टीममध्ये सर्वाधिक वेळा बॉलवाल्याला धरून पाडलं, ओहायो स्टेटला गेला. त्याचं जाणं मला सगळ्यांत जास्त लागलं. तेव्हाचा नियम असा होता की मुख्य कोच गेला की खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जायला तीस दिवसांची मुभा मिळायची. जानेवारीतल्या त्या तीस दिवसांत डझनावर पोरं उठून गेली. मागच्या वर्षी राज्यातल्याच ऑबर्नविरुद्ध चौथ्या प्रयत्नाला बॉल झेलून टीमला वाचवणारा आयझेया बॉन्ड टेक्ससला गेला. कोल्हापुरात वस्ताद गेला की तालमीतले दोन-चार पैलवान दुसऱ्या तालमीची वाट धरतात, तसंच हे. फक्त इथे पैशांचे आकडे मोठे आहेत आणि सगळं महिन्याभरात उरकतं. त्यांच्या जागी मिशिगनहून कियॉन सॅब आणि यूएससीहून डोमानी जॅक्सन आलेत. दोघंही गुणी आहेत. मलाकाय मूर हा जुना भिडू थांबला, हे फार बरं झालं. मागे उभा राहून ओरडून सांगणारा एक तरी घरचा माणूस लागतो. पण कॉर्नरच्या मागे अनुभव पातळ आहे, आणि दुखापती झाल्या तर थेट अठरा वर्षांची पोरं मैदानात येतील.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येतो, भिंतीकडे.

मागच्या हंगामात अलाबामाने १४ सामन्यांत ४९ सॅक दिले. सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल टाकायच्या आधीच लोळवणं. सामन्याला सरासरी साडेतीन. हा आकडा वाचून मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. १ जानेवारीला रोझ बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, मिशिगनविरुद्ध जादा वेळात शेवटचा, चौथा प्रयत्न होता, गोल तीन यार्डांवर. सेंटरकडून बॉल खाली आला, क्वार्टरबॅक जेलन मिलरोने तो वाकून उचलला आणि सरळ गर्दीत घुसला. तिथेच अडवला गेला. २७-२०. सेबन यांच्या कारकिर्दीतला तो शेवटचा डाव ठरला. लोक म्हणतात डावाची निवड चुकली. मी तो डाव पन्नास वेळा पाहिलाय. तो सुरू झाला त्या पहिल्या अर्ध्या सेकंदातच हातातून गेला होता.

म्हणूनच डीबोर यांनी वॉशिंग्टनहून जो सेंटर आणला, पार्कर ब्रेल्सफर्ड, त्याला मी या हंगामातली सर्वांत मोलाची आवक मानतो. वर्तमानपत्रांत त्याचं नाव रिसीव्हरांच्या खाली येतं. वॉशिंग्टनच्या लाइनला २०२३चा जो मूर पुरस्कार मिळाला, देशातल्या सर्वोत्तम लाइनचा, तिचा मधला खांब हाच होता. अलाबामा ज्या एसईसी नावाच्या लीगमध्ये खेळतं, तिच्या मानाने तो अंगाने लहान आहे. पलीकडचे दीडशे किलोंचे गडी त्याला कधी कधी मागे रेटतील, ते दिसेल. पण लाइनला इशारे सेंटर देतो, आणि डीबोर यांची भाषा तो आधीपासून बोलतो. पाचांत एक जण मुळातून ती बोलणारा असला की बाकीच्यांचं भाषांतर लवकर थांबतं. त्याच्या शेजारी टायलर बुकर हा गार्ड आहे, अनुभवी आणि बोलका. जानेवारीत त्यानेही जायचं ठरवलं असतं तर आज मी वेगळं उत्तर लिहीत असतो.

डाव्या टॅकलची गोष्ट नाजूक आहे. केडिन प्रॉक्टर मागच्या वर्षी पहिल्याच हंगामात तिथे खेळला, सुरुवातीला फार अडखळला, शेवटी सावरला. जानेवारीत तो आपल्या गावाकडे आयोवाला गेला आणि वसंतात परत आला. परत घेतलं हे योग्यच झालं, एवढं प्रचंड आणि तरी हलकं पाऊल असलेलं पोर रोज मिळत नाही. पण नव्या कोचचा वसंतातला सराव त्याचा हुकला. बाकीच्यांपेक्षा तो एक सत्र मागे आहे. उजवा टॅकल जेसी लेथम एनएफएलमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला, तिथेही नवा माणूस. म्हणजे मधली तीन माणसं भक्कम, दोन्ही कडा कच्च्या.

मिलरोबद्दल मला जिव्हाळा आहे हे लपवत नाही. मागच्या वर्षी टेक्ससकडून हरल्यावर त्याला एक सामना बाकावर बसवलं गेलं. त्याने तोंड वाकडं केलं नाही, परत आला आणि टीमला लीगचं अजिंक्यपद मिळवून दिलं, तेही जॉर्जियाची सलग २९ विजयांची मालिका मोडून. ऑबर्नविरुद्ध चौथा प्रयत्न आणि ३१ यार्ड बाकी, घड्याळात चाळीसच्या आसपास सेकंद, आणि त्याने कोपऱ्यात टाकलेला तो बॉल इथली माणसं नातवंडांना सांगतील. २०२३मध्ये त्याने २,८३४ यार्ड पास केले, २३ टचडाउन, शिवाय स्वतः पळून १२. लांबचा बॉल त्याच्याइतका सुंदर टाकणारे मोजके आहेत.

पण ४९ सॅकमधला मोठा वाटा त्याचाही होता, हेही लाइनच्या माणसाने सांगायला हवं. लांबचं दिसेपर्यंत तो बॉल हातात धरून थांबतो. डीबोर यांच्या पद्धतीत बॉल वेळेवर सुटावा लागतो, पंधरा-वीस यार्डांच्या टापूत, रिसीव्हर वळायच्या आत. वॉशिंग्टनमध्ये मायकल पेनिक्सने हे बेमालूम केलं, २०२३मध्ये ४,९०३ यार्ड पास केले. पेनिक्स जागेवर उभा राहणारा, मिलरो पळणारा. डीबोर मिलरोला पेनिक्स बनवायला गेले तर नुकसान होईल. ते तसं करतील असं मला वाटत नाही, कारण सू फॉल्सपासून त्यांचं वैशिष्ट्यच हे की हातात आहेत त्या माणसांना बसेल असा खेळ रचायचा. एक अडचण मात्र आहे. त्यांचे वर्षानुवर्षांचे आक्रमण-प्रमुख रायन ग्रब आले आणि काही आठवड्यांतच सिएटलला एनएफएलमध्ये गेले. आता डाव सांगणार निक शेरिडन. दिलासा एवढाच की डीबोर, शेरिडन आणि वॉमॅक तिघंही २०१९मध्ये इंडियाना विद्यापीठात एकत्र होते. स्टाफ आपापसांत एकच भाषा बोलतो.

यंदापासून आणखी एक सोय झालीय. मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ. चाळीस सेकंदांच्या घड्याळात पंधरा उरले की तो बंद होतो. तोवर कोच मिलरोच्या कानात बोलू शकतात. नवी भाषा शिकणाऱ्या टीमला याचा उपयोग होईल, पण रेडिओ क्वार्टरबॅकच्या कानात आहे. माझ्या टॅकलच्या कानात नाही.

रिसीव्हरांत एक नाव लक्षात ठेव: रायन विल्यम्स. सरालँडचा, याच राज्यातला, वय सतरा. सतरा! सेबन गेल्यावर त्याने दिलेला शब्द मागे घेतला होता, डीबोर यांनी तो परत मिळवला. वॉशिंग्टनहून आलेला जर्मी बर्नार्डही आहे, त्याला सगळे डाव पाठ आहेत.

वेळापत्रक असं. ३१ ऑगस्टला घरी वेस्टर्न केंटकी, ७ सप्टेंबरला साउथ फ्लोरिडा, त्या दिवशी मैदानाला सेबन यांचं नाव दिलं जाणार आहे. १४ला विस्कॉन्सिनात. मग एक आठवडा विश्रांती आणि २८ सप्टेंबरला घरी जॉर्जिया. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेरचे अवघड सामने टेनेसी, एलएसयू आणि लीगमध्ये नव्याने आलेलं ओक्लाहोमा. ३० नोव्हेंबरला ऑबर्न, घरी. यंदा राष्ट्रीय प्लेऑफ चारऐवजी बारा संघांचा झालाय, त्यामुळे एखादी हार परवडते. पत्रकारांच्या मतांवर ठरणाऱ्या हंगामपूर्व एपी क्रमवारीत अलाबामा पाचवं आहे.

माझा अंदाज १०-२. जॉर्जिया किंवा टेनेसीपैकी एक हार आणि एक अशी, जी आज मला दिसत नाही. मागची फळी शिकत असताना एखादा चपळ क्वार्टरबॅक कुठेतरी चटका देईल. ९-३ झालं तर प्लेऑफचं दार अर्धवट उघडं राहील आणि इथे डिसेंबरभर झोप कुणाला येणार नाही.

कुणी तुला म्हणेल की मोठ्या कोचनंतरचा माणूस फसतोच. इथले आधीचे मोठे कोच बेअर ब्रायंट १९८२च्या हंगामानंतर निवृत्त झाले, त्यांच्या जागी रे पर्किन्स आले, ते त्यांचेच जुने खेळाडू. पहिलं वर्ष ८-४, दुसरं ५-६. त्या वर्षी व्हँडरबिल्टनेही हरवलं. पण शेवटच्या वर्षी तेच १०-३ होते. आणि खुद्द सेबन यांचं इथलं पहिलं वर्ष? ७-६, त्यात लुइझियाना-मन्रोकडून घरच्या मैदानावर हार. पुढच्या वर्षी १२-२. लोक हे विसरले, कारण पुढे सगळं गोड झालं. फरक इतकाच की सेबन यांना पडकी टीम मिळाली होती, म्हणून दम धरायला जागा मिळाली. डीबोर यांना १२-२ची टीम मिळालीय. तेवढा दम त्यांना कुणी देणार नाही, आणि मला तो अन्याय वाटतो.

तर ३१ तारखेला काय बघायचं ते सांगतो. स्टेडियम एक लाखाच्या वर माणसांचं आहे, विद्यार्थ्यांच्या भागात बसायचं सोड, उभंच राहावं लागतं. पाणी भरपूर पी, ऑगस्टचा दमटपणा आपल्याकडच्या ऑक्टोबरला मागे टाकतो. पहिल्या पावभागात बॉलकडे बघू नकोस. अवघड आहे, कारण सगळं स्टेडियम बॉलकडे बघत असेल. तू डाव्या टॅकलकडे बघ. बॉल सुटताच त्याचा पाय आधी हलतो की मान, एवढंच मोज. मग बचाव मैदानात आला की मागच्या चौघांकडे बघ. डाव सुरू व्हायच्या आधी ते एकमेकांकडे हात दाखवून विचारत असतील, तर अजून भाषांतर चाललंय. एकाने हात दाखवला आणि बाकीचे नुसते सरकले, तर ती टीम झालीय. वेस्टर्न केंटकीविरुद्ध गुणफलक काहीही असो, तो बघून काही कळणार नाही.

मॅच झाल्यावर मला फोन कर, किती वाजलेत ते बघू नकोस. मी जागाच असेन. स्कोअर मला ठाऊक असेल, तू पाय आणि मानेचं काय ते सांग.